अर्थ पाठ, वापर सपाट

काही वर्षांपूर्वी अमेरिकेहून आठवडाभरासाठी पुण्यात आलेल्या एका सहकाऱ्याला मी घरी जेवायला बोलावले. पिठले, भाकरी, ठेचा आणि वर ताक असा बेत त्याला आधीच सांगून ठेवला होता आणि तोही खूश दिसत होता. ठरलेल्या दिवशी दुपारी त्याचा निरोप आला, ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ जूनचा दुसरा आठवडा होता. मी खिडकीतून पाहिले, सिंहगडाच्या बाजूने आभाळ भरून आले होते, म्हणून मी त्याला तत्परतेने कळवले की पाऊस येईल असे दिसते, तेव्हा छत्री सोबत असू द्यावी. रात्री साडेनऊपर्यंत भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवून आम्ही त्याची वाट पाहिली.

उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेसबॉलचा सामना पावसामुळे बंद पडला, तर प्रेक्षकाला त्याच पैशात पुढचा एखादा सामना पाहता यावा अशी सोय तिकिटावर केलेली असे, आणि त्या तिकिटाला रेन चेक म्हणत. दुकानात संपलेला माल नंतर त्याच भावाने देण्याची चिठ्ठीही पुढे याच नावाने ओळखली जाऊ लागली आणि शेवटी ‘आज जमणार नाही, पण निमंत्रण राखून ठेवा’ असे नम्रपणे सांगण्याची ती रीतच झाली. म्हणजे सहकाऱ्याने सभ्यपणे नकार दिला होता आणि मी त्याला छत्री घेऊन बोलावत होतो. त्याच्या वाक्यातला एकही शब्द मला अनोळखी नव्हता, तरी वाक्य मात्र माझ्या डोक्यावरून गेले. वाक्प्रचाराची खूण हीच की त्यातल्या शब्दांच्या अर्थांची बेरीज केली तरी पूर्ण वाक्प्रचाराचा अर्थ हाती लागत नाही.

आपल्या शालेय व्याकरणात म्हण आणि वाक्प्रचार यांच्यात भेद केलेला असतो. म्हण हे आपल्या पायावर उभे राहणारे विधान असते, तर वाक्प्रचार दुसऱ्या वाक्यात शिरून त्याच्या कर्त्याप्रमाणे आणि काळाप्रमाणे वळतो. इंग्रजीचा प्रश्न आला की हे वाक्प्रचार आपण तीन रकान्यांत शिकतो, ते म्हणजे वाक्प्रचार, अर्थ आणि वाक्यात उपयोग. दुसरा रकाना पाठ होतो, तिसऱ्यात एकच वाक्य असते आणि तेही पाठ होते. मात्र हा प्रयोग कोण करतो, कोणापुढे करतो, त्यात आदर असतो की टवाळी, आणि तो आजही कोणी करतो का, या गोष्टींना त्या तक्त्यात जागाच नसते. गफलत बहुतेक वेळा तिथेच होते, अर्थात नव्हे.

परक्या भाषेतले वाक्प्रचार विचित्र वाटतात, याचे एक कारण आपल्या भाषेतले आपल्याला दिसेनासे झालेले असतात हे आहे. ‘मुसळधार पाऊस’ म्हणताना आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे उखळात कांडायचे ते लाकडी मुसळ येते? पावसाची प्रत्येक धार मुसळाएवढी जाड आहे, अशी ही कल्पना आहे, आणि ती इंग्रजीतल्या कुत्र्या-मांजरांच्या पावसापेक्षा फार कमी विचित्र आहे असे म्हणवत नाही. ‘पितळ उघडे पडणे’ घ्या. ज्या घरांत पितळेची भांडी होती त्यांना कल्हई ठाऊक होती. कल्हईवाला गल्लीत भाता लावून बसे, तापलेल्या पातेल्यात नवसागर आणि कथील टाकून कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवी, आणि क्षणात पिवळे भांडे चांदीसारखे पांढरे होई. काही महिन्यांनी घासून घासून कल्हई उडाली की आतले पितळ पुन्हा डोकावू लागे. आज घरोघरी स्टील आहे, कल्हईवाला दिसत नाही, पण माणसांचे पितळ उघडे पडतच असते.

‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ या प्रयोगाची स्थिती याहून गमतीची आहे. महाराष्ट्रात दहावीपर्यंत शिकलेल्या कोणालाही पावसावर इंग्रजी निबंध लिहायला सांगा, हे वाक्य आल्याशिवाय राहत नाही. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या एका पुस्तकात ते जवळजवळ आजच्या रूपात छापलेले सापडते आणि त्याच्याही आधीच्या शतकात कुत्र्यामांजरांच्या पावसाचे उल्लेख आहेत, पण मुळात हे प्राणी आभाळात कसे चढले याचा खात्रीलायक उलगडा कोणालाही झालेला नाही. गवताने शाकारलेल्या छपरांवर कुत्री-मांजरे झोपत आणि जोराच्या पावसात घसरून खाली पडत, ही जी गोष्ट मोबाइलवर फिरत असते ती रचलेली आहे. पावसात भिजायला छपरावर कोणते कुत्रे जाईल, एवढा विचार केला तरी पुरे. शिवाय इंग्लंडमधला माणूस रोजच्या बोलण्यात हे वाक्य क्वचितच वापरतो. तो ‘इट्स पोअरिंग’ म्हणतो आणि कोट चढवतो. म्हणून हे वाक्य ऐकल्यावर कळावे यासाठी ठेवावे, बोलण्यासाठी नव्हे.

वाक्प्रचारांचे व्याकरणही थिजलेले असते, आणि ते किती थिजलेले असावे हे प्रत्येकाचे वेगळे. मराठीत आपण एखाद्याच्या ‘हात धुवून मागे’ लागतो, पाय धुवून लागत नाही. आपल्या ‘नाकी नऊ’ येतात, काम कितीही वाढले तरी नाकी दहा येत नाहीत. पण ‘पितळ उघडे पडले’ या प्रयोगाला थोडी लवचीकता आहे. ‘त्याचे सगळे पितळ उघडे पडले’, ‘मी त्याचे पितळ उघडे पाडले’ असे म्हणता येते, कारण इथे पितळ म्हणजे लपवलेले खरे रूप आणि उघडे पडणे म्हणजे जगापुढे येणे, अशी वाटणी आपल्या मनात झालेली असते. इंग्रजीतही नेमके हेच घडते. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे. इथे बीन्स म्हणजे गुपित आणि सांडणे म्हणजे फोडणे, म्हणून ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ हा कर्मणी प्रयोगही चालतो. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे. इथे बादली म्हणजे काय आणि लाथ म्हणजे काय अशी वाटणी करता येत नाही, त्यामुळे ‘द बकेट वॉज किक्ड बाय हिम’ म्हटले की खरोखरीची बादली लवंडते आणि मरणारा बाजूलाच राहतो. नन्बर्ग, सॅग आणि वॉसो या भाषावैज्ञानिकांनी १९९४ साली हा भेद नीट मांडला. शिकणाऱ्याने त्यातून घ्यायची गोष्ट साधी आहे: तुकड्यांना अर्थ वाटून देता येत नसेल, तर वाक्प्रचार जसा ऐकला तसाच वापरावा, त्यात स्वतःचे विशेषण घालू नये आणि एकवचनाचे अनेकवचनही करू नये.

मरणाचा विषय निघालाच आहे, तर वाक्प्रचाराचा सूर म्हणजे काय हे तिथेच पाहणे सोपे. मराठीत माणूस कैलासवासी होतो, त्याला देवाज्ञा होते, त्याचे निधन होते, तो वारतो, जातो, खपतो आणि गचकतो. कोशाच्या दृष्टीने या सगळ्यांचा अर्थ एकच आहे, पण शेजारच्या काकांच्या दहाव्याला जाऊन ‘काका कधी गचकले?’ असे विचारणाऱ्याला कोणी परत दारात उभे करणार नाही. ‘पास अवे’ हा प्रयोग निधनाच्या आणि देवाज्ञेच्या पायरीवर बसतो, ‘किक द बकेट’ गचकण्याच्या. फ्रान्सिस ग्रोज याने १७८५ साली लंडनमध्ये जो कोश छापला त्यात ही बादली आढळते, आणि तो कोश होता रस्त्यावरच्या गावंढळ बोलीचा, म्हणजे तिची पायरी तेव्हाच ठरलेली होती. आपल्या तक्त्यात मात्र तिच्यासमोर ‘मरण पावणे’ असे लिहिलेले असते. ‘मरण पावणे’ हे सभ्य मराठी वाचून ज्याने तो प्रयोग शोकसंदेशात घातला, त्या विद्यार्थ्याला दोष कसा द्यावा?

सुराइतकीच दिशाही महत्त्वाची असते. ‘नॉट माय कप ऑफ टी’ हा प्रयोग आपल्याकडे फार लाडका आहे, आणि माझ्या मते तो निम्म्याहून अधिक वेळा चुकीच्या दिशेने जातो. इंग्रजाच्या तोंडी त्याचा संबंध आवडीशी आहे. शास्त्रीय नृत्य, तिखट रस्सा किंवा एखादी कादंबरी आपल्या रुचीची नाही, पण तिला नावे ठेवायची नाहीत, अशा वेळी तो हा प्याला हळूच बाजूला सरकवतो. आपण मात्र ‘मॅथ्स इज नॉट माय कप ऑफ टी’ म्हणतो तेव्हा मनात ‘गणित मला जमत नाही’ असे असते, आणि ‘इट्स नॉट एव्हरीवन्स कप ऑफ टी’ म्हणतो तेव्हा तर चक्क ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ असे म्हणायचे असते. भारतीय इंग्रजीत हा अर्थ आता एवढा रुळला आहे की आपसांत बोलताना कोणी अडखळत नाही. अडचण येते ती बाहेरच्याशी बोलताना. मुलाखतीत उमेदवार म्हणतो की लोकांपुढे बोलणे ही त्याची ‘कप ऑफ टी’ नाही. त्याला सांगायचे असते की ते कौशल्य त्याच्याकडे अजून नाही आणि तो शिकायला तयार आहे, परंतु लंडनहून प्रश्न विचारणाऱ्या बाईंना ऐकू येते की त्याला त्या कामात रस नाही. एका प्याल्यावरून नोकरी जाऊ शकते ती अशी.

मराठी प्रतिशब्द शोधण्याची सवय चांगली असली तरी तीही कधी कधी दगा देते. ‘मेक हे व्हाइल द सन शाइन्स’ याला ‘वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे’ हा पर्याय पुष्कळदा सांगितला जातो. दोन्हींत संधी साधणे आहे हे खरे. पण इंग्रज शेतकरी ऊन आहे तोवर कापलेले गवत वाळवून घेतो, त्यात कष्ट आहेत आणि शहाणपण आहे, तर वाहत्या गंगेत हात धुणाऱ्याकडे आपण तिरक्या नजरेने पाहतो, कारण त्याने दुसऱ्याच्या धामधुमीत स्वतःचा लाभ उकळलेला असतो. पहिले वाक्य आई मुलाला उपदेश म्हणून सांगेल, दुसरे ती शेजाऱ्याविषयी बोलेल. ‘पुल समवन्स लेग’ याची तऱ्हा तर उलटीच आहे. मराठीत पाय ओढणे हे मत्सराचे काम, वर चढणाऱ्याला खाली खेचणाऱ्या खेकड्यांचे. इंग्रजीत ती निव्वळ थट्टा, आपण जिला फिरकी घेणे म्हणतो ती. साहेब ‘आय वॉज ओन्ली पुलिंग युअर लेग’ असे हसत म्हणाले, तर मराठी कानाला तो गुन्ह्याचा कबुलीजबाब वाटेल, आणि आपण इंग्रजीत सहकाऱ्याविरुद्ध तीच तक्रार केली तर साहेबांना ती तक्रार आहे हेच कळणार नाही.

शरीराच्या अवयवांची वाटणीही दोन भाषांनी वेगळी केली आहे. पाठांतर इंग्रजीत हृदयात राहते, ‘बाय हार्ट’, आपल्याकडे ते तोंडात, ‘तोंडपाठ’. परीक्षेच्या सकाळी इंग्रजांच्या पोटात फुलपाखरे उडतात, आपल्या पोटात गोळा येतो. फुलपाखरे मात्र लग्नाच्या बोहल्यावरही उडू शकतात, गोळा भीतीशिवाय येत नाही.

वाक्प्रचारांच्या मागच्या कथा ऐकायला सर्वांनाच आवडते. माझा स्वतःचा लोभ आहे तो कायद्यातून निघालेल्या प्रयोगांवर. ‘रीड द रायट ॲक्ट’ म्हणजे खरडपट्टी काढणे, हजेरी घेणे. हा रायट ॲक्ट खरोखरीचा होता. तो ब्रिटनमध्ये १७१५ साली अमलात आला, आणि बारा किंवा अधिक माणसे दंगा करण्याच्या बेताने जमली की दंडाधिकाऱ्याने त्यांच्यासमोर उभे राहून कायद्यातला ठरलेला मजकूर मोठ्याने वाचायचा, अशी त्यात तरतूद होती. मजकुराच्या शेवटी ‘गॉड सेव्ह द किंग’ असे. वाचन झाल्यापासून एका तासात जमाव पांगला नाही, तर जे उरतील त्यांना थेट देहान्ताच्या शिक्षेपर्यंत नेता येत असे. म्हणजे वाचन ही शिक्षा नव्हती, ती शेवटची ताकीद होती, आणि म्हणूनच आजही हा प्रयोग साध्या बोलण्याला लागू पडत नाही. ‘आता पुरे, यापुढे असे चालणार नाही’ असे अधिकाराने ठणकावणे त्यात हवे, त्यामुळे आई मुलांपुढे रायट ॲक्ट वाचते, मुले आईपुढे वाचत नाहीत. कायदा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रद्द झाला, वाचन चालूच आहे.

याला आपल्याकडे अगदी तोडीस तोड उदाहरण तयार होते आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतले ४२० वे कलम फसवणुकीचे. त्यावरून ‘तो चारसोवीस आहे’, ‘ही चारसोविशी चालणार नाही’ असे प्रयोग मराठीत आले आणि ज्याने आयुष्यात कायद्याचे पुस्तक उघडले नाही त्याच्याही तोंडी बसले. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक ३१८ व्या कलमात गेली. पण भाजीबाजारात कोणी कोणाला ‘तीनशे अठरा’ म्हणाल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि पुढच्या पन्नास वर्षांत कोणी म्हणेल असेही वाटत नाही.

लढायांच्या बाबतीत दोन भाषा समोरासमोर ठेवण्याजोग्या आहेत. १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियन हरला, तेव्हापासून इंग्रजीत माणसाला त्याचे वॉटर्लू भेटते. तो आजवर जिंकत आलेला असावा लागतो आणि या एका ठिकाणी त्याला त्याच्यापेक्षा वरचढ कोणी भेटलेला असावा लागतो. मराठीत १७६१ च्या संक्रांतीपासून माणसाचे पानिपत होते, त्याला आधी जिंकत असण्याची अट नाही. इंग्रजी प्रयोग जिंकलेल्यांनी घडवला आहे, मराठी प्रयोग हरलेल्यांनी, आणि दोहोंच्या आवाजातला फरक जरा कान देऊन ऐकला तर कळतो. म्हणून निवडणुकीत पक्षाचे पानिपत झाले, याचे भाषांतर करताना वॉटर्लू दर वेळी बसेलच असे नाही.

‘ॲट द इलेव्हन्थ अवर’ म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी. ते ऐकून बहुतेकांना रात्रीचे अकरा आठवतात, बारा वाजायला एक तास उरला आहे असे. मूळ गोष्ट बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग दिवसातून पुन्हा पुन्हा बाजारात जाऊन आणखी माणसे आणतो, आणि अगदी शेवटचे मजूर अकराव्या ताशी कामावर घेतो. संध्याकाळी मजुरी मात्र सर्वांना सारखीच देतो. तास सूर्योदयापासून मोजायचे आणि दिवसाचे बारा धरायचे, म्हणजे अकरावा तास संपायच्या सुमारास आपल्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. आपली कालगणना अशीच वाक्प्रचारांत गोठली आहे. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्याच्या घंगाळात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटे. ती वाटी गेली, तरी पापाची घटका भरतेच आणि रुग्ण शेवटच्या घटका मोजतोच.

सोन्याच्या बाबतीत तर दोन्ही भाषा एकाच दुकानात येऊन पोहोचतात. ‘ॲसिड टेस्ट’ म्हणजे ज्यातून खरे-खोटे ठरेल अशी परीक्षा. नायट्रिक आम्ल हलक्या धातूंना खाते, सोन्याला खात नाही, एवढ्यावर हा प्रयोग उभा आहे. आपल्या सराफाकडे काळ्या दगडाची एक लहान पट्टी असते, ती कसोटी. दागिना तिच्यावर घासून तो रेघ उमटवतो, शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढतो, आणि दोन्हींवर आम्लाचा थेंब सोडून कोणती रेघ फिकी होते ते पाहतो. आपण दगड उचलला आणि ‘कसोटीला उतरणे’ म्हटले, अस्सल माणसाला बावनकशी म्हटले. इंग्रजांनी थेंब उचलला. हे भाषांतर डोळे मिटून करावे.

आता कार्यालयाकडे वळतो, कारण हिंजवडीत किंवा ऐरोलीत काम करणाऱ्याला शेक्सपिअरच्या काळातल्या प्रयोगांपेक्षा बेसबॉल अधिक छळतो. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा. तो विचारला असताना दशांश चिन्हापर्यंत हिशेब करून दोन दिवसांनी पाठवला, तर उत्तर बरोबर असूनही काम चुकले असे होते. ‘टच बेस’ म्हणजे ख्यालीखुशाली विचारावी तसे थोडक्यात बोलून घेणे, त्यासाठी पन्नास पानांचे सादरीकरण लागत नाही. क्रिकेटचे प्रयोग त्या मानाने आपल्या अंगवळणी आहेत, आपण मराठीतही गुगली टाकतो आणि विकेट काढतो. ‘स्टिकी विकेट’, म्हणजे अवघड परिस्थिती, मात्र हल्लीच्या मुलांना समजावून सांगावी लागते, कारण झाकल्याशिवाय पावसात भिजलेली आणि मग उन्हात वाळत असताना चेंडू भलतीकडे उसळवणारी खेळपट्टी त्यांनी पाहिलेलीच नाही.

सर्वांत धोक्याचा शब्द मात्र दिसायला अगदी गरीब आहे, तो म्हणजे ‘टेबल’. ब्रिटिश पद्धतीत एखादा प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेला मांडणे, आपल्या विधिमंडळाच्या भाषेत पटलावर ठेवणे. अमेरिकेत तो ‘टेबल’ करणे म्हणजे बाजूला सारणे, तूर्त चर्चा नको असे ठरवणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी अधिकाऱ्यांमध्ये याच शब्दावरून बराच वेळ आणि बराच तिखट वाद झाला, आणि शेवटी दोघांनाही एकच गोष्ट हवी होती असे निघाले, अशी आठवण विन्स्टन चर्चिल यांनी लिहून ठेवली आहे. आपले इंग्रजी ब्रिटिशांकडून आलेले आणि ग्राहक पुष्कळदा अमेरिकेतला, तेव्हा ‘लेट्स टेबल धिस’ ऐकल्यावर वहीत काही लिहिण्याआधी ‘आज बोलायचे की नंतर?’ असे सरळ विचारावे. असे विचारण्यात कमीपणा काही नाही. मी तेव्हा तेवढेच विचारले असते तर भाकऱ्या निवल्या नसत्या.

इंग्रजीचे काही प्रयोग असे आहेत की ते शिकण्याचा प्रश्नच उरलेला नाही, कारण ते मराठीच झाले आहेत. सरकारी कागदांचे गठ्ठे बांधायची लाल फीत ‘लालफितीचा कारभार’ होऊन आली. सयामच्या राजाने नावडत्या सरदाराला पांढरा हत्ती भेट द्यावा आणि पोसता पोसता त्याचे दिवाळे निघावे, अशी जी गोष्ट सांगतात तिच्यातला हत्ती आपल्या तोट्यातल्या महामंडळांत येऊन बसला. मगरीचे अश्रू कोणा संस्कृत जाणणाऱ्याच्या हाती लागून ‘नक्राश्रू’ झाले. हिमनग कोणी मराठी माणसाने दारातून पाहिला नसेल, तरी घोटाळा उघडकीला आला की अग्रलेखात हिमनगाचे टोक दिसतेच. इसापच्या गोष्टी तर तंजावरला सरफोजी राजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच, मराठीत छापल्या गेल्या होत्या, त्यामुळे कोल्ह्याला द्राक्षे आंबट असतात हे आपल्याला कोणा परक्याने सांगितले असे आज वाटतही नाही.

याच इसापच्या पोतडीतून ‘लायन्स शेअर’ आला, आणि त्याचे मराठीत जे झाले ते मला या सगळ्या व्यवहारात सर्वांत मजेशीर वाटते. गोष्टीत सिंह इतर प्राण्यांना बरोबर घेऊन शिकार करतो आणि वाटणीच्या वेळी एकेक कारण सांगून सगळेच भाग स्वतःकडे ओढतो. इंग्रजीत या प्रयोगाचा अर्थ थोडा सौम्य झाला, सगळे नव्हे पण सर्वांत मोठा भाग, तरी तो भाग बहुतेक वेळा घ्यायचाच राहिला, म्हणजे नफ्यातला, निधीतला, श्रेयातला. मराठीत हा सिंह आला तेव्हा इथे खार आधीपासून बसलेली होती. रामाचा सेतू बांधला जात असताना वाळूत लोळून अंगाला चिकटलेले कण नेऊन टाकणाऱ्या त्या खारीमुळे ‘वाटा’ ही आपल्याकडे उचलायची वस्तू होती, लाटायची नव्हे. खारीचा वाटा म्हणजे लहानसे योगदान, तेव्हा सिंहाचा वाटा म्हणजे मोठे योगदान, असे गणित मराठी मनाने करून टाकले. म्हणून आपली वर्तमानपत्रे ‘विजयात कर्णधाराचा सिंहाचा वाटा’ असे कौतुकाने लिहितात आणि गोष्टीतल्या त्या लुबाडणाऱ्या जनावराचा चांगला कष्टाळू कार्यकर्ता होतो. याला मी चूक म्हणणार नाही. मराठीत तो अर्थ पक्का झाला आहे आणि तो आपला आहे. पण कोणी हेच वाक्य परत इंग्रजीत नेले आणि विजयात कर्णधाराने ‘लायन्स शेअर’ घेतला असे लिहिले, तर वाचणाऱ्याला बक्षिसाची रक्कम कर्णधाराने खिशात घातली असे वाटेल. तिथे साधे ‘बिगेस्ट कॉन्ट्रिब्यूशन’ लिहावे. खारीसाठी मात्र इंग्रजीत ‘डूइंग माय बिट’ असा चांगला, नम्र प्रयोग आहे. त्यात खार नाही, सेतू नाही, आणि तिच्या पाठीवर उमटलेली ती तीन बोटेही नाहीत.